एका मिनिटाची उमेदवारी

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक 'चित्रदर्शन' या नावाने ओळखला जातो. वनवास, युद्ध, राज्याभिषेक सगळं मागे पडलं आहे. सीता गरोदर आहे आणि वडील मिथिलेला परतल्यामुळे उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण दोघांना भिंतीवर काढवून घेतलेली चित्रं पाहायला बोलावतो. चित्रं त्यांच्याच आयुष्याची आहेत. विवाहाच्या चित्रापाशी लक्ष्मण बोटाने दाखवू लागतो: या आपण, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. स्वतःच्या पत्नीला, ऊर्मिलेला, तो वगळतो. सीतेच्या ते लगेच लक्षात येतं आणि ती थट्टेने विचारते, मग ही आणखी एक कोण? लक्ष्मण लाजतो आणि घाईने परशुरामाच्या चित्राकडे वळतो. थोडं पुढे मंथरा दिसते. लक्ष्मण तिचं नाव घेतो. राम उत्तर न देता दुसरंच चित्र दाखवू लागतो. मग शूर्पणखा येते आणि सीता घाबरते. हे नुसतं चित्र आहे, असं रामाला तिला सांगावं लागतं.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना चित्रपट करायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, या प्रश्नापाशी मी अडतो तेव्हा मला हा अंक आठवतो. विदर्भातल्या पद्मपूरच्या या नाटककाराने सिनेमा जन्मण्याच्या सुमारे अकराशे वर्षं आधी सिनेमाचं सारं मर्म एका प्रवेशात मांडून ठेवलं आहे. भिंतीवरची चित्रं सगळ्यांसाठी सारखीच आहेत. कुठे थांबायचं आणि कुठून पुढे सरकायचं हे ठरवणाऱ्याच्या बोटातून गोष्ट तयार होते. लक्ष्मणाने ऊर्मिला गाळली म्हणूनच ती आपल्या लक्षात राहते. रामाच्या मौनामुळे मंथरा कोणत्याही वर्णनाहून ठळक होते. आणि आपण पाहतो आहोत ते चित्र आहे हे ठाऊक असूनही सीतेचा थरकाप खरा असतो.

काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हा पौगंडावस्थेतल्या मुलांचा रोजचाच प्रश्न आहे. आवाज फुटलेला मुलगा वर्गात बोलायचं टाळतो. मुलगी डायरी कुठे ठेवते ते आईला कळू देत नाही. मित्रांपुढे वडिलांच्या धंद्याचा उल्लेख करायचा की नाही, हे दोघंही मनाशी ठरवून असतात. ही निवड ती अहोरात्र करत असतात, पण ही एक कला आहे, तिला शिस्त लावता येते आणि तिच्यातून काही घडवता येतं, हे त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या मते चित्रपटाच्या शिक्षकाचं पहिलं काम हेच आहे.

कॅमेरा शिकवणं हे आता त्याचं काम उरलेलं नाही. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाने फोनवर जितकं चित्रण केलेलं असतं, तितकं जुन्या काळातल्या व्यावसायिक छायाचित्रकाराच्या वाट्याला कित्येक वर्षांतही येत नसे. संकलनाचं ॲप तो शिक्षकापेक्षा वेगाने चालवतो. क्लिप कापणं, रंग बदलणं, गाणं चढवणं, हे सारं त्याला येतं. येत नाही ते थांबणं. एका जागी उभं राहून, काही घडेपर्यंत पाहत राहणं त्याच्या हातातल्या यंत्राने त्याला कधी शिकवलेलंच नाही. ते यंत्र वाट पाहू देत नाही.

सिनेमाच्या आरंभीच्या काळात थांबायला टंचाई शिकवत असे. लुमिएर बंधूंच्या कॅमेऱ्यात सुमारे सतरा मीटर फिल्म मावे, म्हणजे पन्नास सेकंदांच्या आसपासचं चित्रण. तेवढ्यात जे बसेल तो सिनेमा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जे दाखवलं गेलं ते असेच पन्नास-पन्नास सेकंदांचे तुकडे होते. ते पाहून सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पुढे कित्येक वर्षं सोळा मिलिमीटरचं शंभर फुटांचं रीळ विद्यार्थ्याच्या हाती दिलं जाई तेव्हा त्यात जेमतेम पावणेतीन मिनिटं असत. कॅमेऱ्याचं बटण दाबण्याआधी मनातल्या मनात चित्रपट अनेकदा होऊन जाई, कारण दाबल्यावर पैसे जळत.

मॉस्कोला १९१९ साली सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली तेव्हा तर कच्ची फिल्मच मिळत नव्हती. लेव कुलेशॉव्हने आपल्या विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायचे चित्रपट बसवून घेतले. रंगमंचावर छोटे छोटे तुकडे करायचे, एक तुकडा संपला की झटकन दुसरा, जणू मध्ये कात्री चालली आहे. पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेला पुदोव्हकिन त्या वर्गात होता. ज्यांच्यापाशी फिल्मच नव्हती त्या मुलांनी संकलनाचं शास्त्र उभं केलं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. फोन चांगला नाही म्हणून मागे राहिलेल्या मुलाला ती ऐकायची गरज असते.

आणि दादासाहेब फाळके. १९१२ साली लंडनहून परतल्यावर त्यांच्याकडे कॅमेरा होता, पण भांडवल नव्हतं. घरातल्यांनाही हे वेड वाटत होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ एक एक चौकट टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल झाला. या चित्रफितीच्या बळावर 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहिला, म्हणून इतिहासात तिचं नाव राहिलं. मला ती निराळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. भारतीय कथापटाच्या जनकाने पहिला धडा गिरवला तो एका रोपट्यासमोर. नट, पोशाख, पौराणिक कथा, हे सगळं नंतर आलं. आधी, जे डोळ्यांना दिसत नाही इतकं हळू घडतं, ते दिसेपर्यंत रोज पाहणं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत. बहुधा भारतातल्या पहिल्या चित्रपटशाळेत दोनच विद्यार्थी होते आणि शिक्षक कुणीच नव्हता.

फाळक्यांमध्ये शिकवण्याची हौस मुळातच होती. १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' ही फीत काढली आणि स्वतः काम करताना कॅमेऱ्यासमोर आले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात तर अजब आहे. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी दिसते, साध्या रूपात, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणणारी. मग तीच मुलगी कृष्ण होते. म्हणजे प्रेक्षकाला भुलवण्याआधी ते त्याला भूल कशी तयार होते ते दाखवून मोकळे होतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आज प्रत्येक माध्यमवर्गाच्या पहिल्या तासाला दाखवण्यासारखा आहे.

आता टंचाई गेली. मग ती शिक्षकाने निर्माण करावी लागते. फ्रान्समध्ये सिनेमाच्या शताब्दीच्या निमित्ताने सिनेमातेक फ्रान्सेझने शाळकरी मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला, आलँ बेर्गाला हे त्यामागचे एक प्रमुख शिक्षक-विचारवंत. त्यात मुलं लुमिएरसारखं एक मिनिट टिपतात: कॅमेरा स्थिर, एकच शॉट, मध्ये थांबायचं नाही, नंतर कापायचं नाही. वर्षभर सगळे गट एकाच प्रश्नावर काम करतात. कॅमेरा का हलवायचा, असा एका वर्षीचा प्रश्न होता. दुसऱ्या एका वर्षी विषय होता दाखवणं आणि लपवणं. तो वाचला तेव्हा मला लक्ष्मण आठवला, हे सांगायला नकोच. बेर्गाला यांचं म्हणणं असं की एका शॉटमध्येच सगळा सिनेमा सामावलेला असतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी सुरू करायचा, चौकटीबाहेर काय राहू द्यायचं, या निर्णयांतून नवशिक्याचीही सुटका नसते आणि निष्णाताचीही.

हा एका मिनिटाचा नियम मी आपल्याकडच्या मुलांना देतो. पहिल्या दिवशी कुरकुर होते. एक मिनिट फार लहान आहे अशी तक्रार सकाळी असते आणि फार मोठं आहे अशी संध्याकाळी. एका तालुक्याच्या गावी एका मुलाने वडिलांचं पंक्चरचं दुकान निवडलं. फोन त्याने दुकानाच्या आत, मागच्या फळीवर ठेवला. चौकटीत रस्ता, तिन्हीसांजेचा उजेड आणि पाठमोरे वडील अवजारं आवरताना. मग ते बाहेर जातात आणि शटर ओढतात. उजेडाची पट्टी खाली खाली बारीक होत जाते आणि चौकट पूर्ण काळी होते. पण मिनिट संपलेलं नव्हतं आणि थांबायचं नाही हा नियम होता. उरलेला वेळ नुसता अंधार, त्यात कुलपाचा आवाज, वडील शेजाऱ्याशी उद्याच्या कुठल्याशा हप्त्याविषयी बोलत आहेत, मुलाचा स्वतःचा आवाज फोन आत राहिल्याची आठवण करून देतो आहे. वर्गात ते पाहून झाल्यावर एका मुलीने विचारलं, बाबांचा चेहरा का नाही दाखवलास? तो म्हणाला, दुकान बंद करताना ते थकलेले असतात, तेव्हा त्यांच्याकडे मी बघत नाही.

मला या उत्तरात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही. चौकटीची नीती शिकवायला इतकं नेमकं उदाहरण मोठ्या दिग्दर्शकांच्या कामातही मला क्वचित मिळतं. आणि ते निघालं कुठून, तर नियमातून. मध्ये थांबायची मुभा असती तर त्याने शटर पडताच चित्रण बंद केलं असतं.

आपल्याकडे या वयाच्या मुलांना चित्रपट शिकवण्याच्या वाटेत साधनांचा अभाव हा मुख्य अडथळा नाही. मुख्य अडथळा आहे संदेश. शाळांच्या लघुपट स्पर्धांचे विषय पाहा: पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाइलचे दुष्परिणाम, स्वच्छता, व्यसनमुक्ती. हे विषय वाईट आहेत असं कोण म्हणेल? पण ते मोठ्यांनी निवडलेले असतात आणि त्यांची उत्तरंही मोठ्यांनी आधीच ठरवून दिलेली असतात. मुलाला फक्त ती सचित्र करायची असतात. मग प्रत्येक फितीत एक व्यसनी बाप, एक हुशार मुलगी, करुण बासरी आणि शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून हात जोडणारा एक विद्यार्थी. चौदा वर्षांच्या मुलाला आपण खोटं बोलायला शिकवतो आणि वर बक्षीस देतो. हा शब्द कठोर आहे, पण मला तोच योग्य वाटतो. ज्या मुलीला घरासाठी रोज अर्धा तास रांगेत उभं राहून पाणी भरावं लागतं, तिला 'पाणी वाचवा' म्हणायला लावण्यापेक्षा त्या रांगेत काय काय बोललं जातं ते टिपायला का सांगू नये? तिच्याकडे जे आहे ते परीक्षकांपैकी कुणाकडेही नसतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण तेहरानमधलं आहे. तिथे १९६५ साली मुलांच्या आणि तरुणांच्या बौद्धिक विकासासाठी 'कानून' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. ती मुळात ग्रंथालयांची, मुलांच्या पुस्तकांची संस्था. काही वर्षांतच तिथे चित्रपट विभाग सुरू झाला आणि त्याच्या उभारणीत अब्बास किआरोस्तामी होते. त्यांची पहिली फीत 'ब्रेड अँड ॲली', १९७० सालची, दहा-बारा मिनिटांची. पाव घेऊन घरी निघालेल्या मुलाच्या वाटेत कुत्रा आडवा येतो, एवढीच गोष्ट. मुलांसाठी काम करणारी, खर्च सरकारकडून होणारी संस्था. तिथे उपदेश करण्याची सोय आणि दबाव दोन्ही असणार. तरी त्या फितीत प्राण्यांवर दया करा असं कुणी म्हणत नाही. भ्यायलेला मुलगा आणि कुत्रा यांना एकाच चौकटीत, न कापता, जवळ येऊ द्यावं असा किआरोस्तामींचा हट्ट होता. छायाचित्रकाराला वेगवेगळे शॉट घ्यायचे होते. हट्ट दिग्दर्शकाचा चालला. भीती कशी वितळते हे कापून दाखवता येत नाही, हे तेव्हाच्या त्या नवशिक्याला कळलं होतं. पुढे १९८७ साली 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस'मध्ये चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला डोंगर ओलांडून धावणारा मुलगा आला. त्यातून नीती शिकायची तर प्रत्येकाने आपापली शिकावी.

आमच्या मराठी मुलखात शिकण्याची जुनी रीत उमेदवारीची. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० च्या सुमारास विशीतही न पोचलेले शांताराम वणकुद्रे दाखल झाले आणि पडेल ते काम करत शिकले. तिथे दामले होते, फत्तेलाल होते. कुणी यंत्र जुळवत होतं, कुणी पडदे रंगवत होतं; स्वतः बाबूराव देखाव्यांची रेखाटनं करत. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आदींनी 'प्रभात' काढली, ती पुढे पुण्याला आली आणि तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. या रीतीत एक गोष्ट फार मोलाची होती: शिकणारा आधी दुसऱ्याच्या कामाचा भाग होई. आजच्या मुलाला फोनने एकटं केलं आहे. लेखक, नट, छायाचित्रकार, संकलक, वितरक, सगळं तोच. आणि बहुतेक वेळा विषयही तोच. म्हणून कार्यशाळेत मी कामं वाटून देतो आणि बदलत ठेवतो. ज्याला सगळे पुढारी मानतात त्याला एक दिवस ध्वनिमुद्रणावर बसवावं. कानाला हेडफोन लावून, हू की चू न करता, दुसऱ्याचा शॉट संपेपर्यंत थांबणं त्याच्यासाठी नवं असतं. आणि वर्गात कधी न बोलणारी मुलगी ध्वनीवर हमखास रमते. कुकरची शिट्टी, एसटी स्टँडवरची घोषणा, मागच्या गल्लीतली शिलाई मशीन, ही तिला इतरांआधी ऐकू येतात. पार्श्वसंगीत मी सुरुवातीचे काही दिवस पूर्ण बंद ठेवतो. गाणं चढवलं की मुलांना आपल्या चित्रात काय कमी आहे ते कळेनासं होतं.

दुसऱ्याकडे कॅमेरा रोखण्याविषयीही या वयातच बोललं पाहिजे. विषय शोधा म्हटलं की शहरातली मुलं सिग्नलवरच्या पोराकडे, वॉचमनकडे, भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे वळतात. हेतू निर्मळ असतो. पण परवानगी न विचारता दुसऱ्याचं दारिद्र्य टिपणं हा हिसकावण्याचाच प्रकार आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावं. रॉबर्ट फ्लाहर्टी 'नानूक'च्या चित्रणाच्या वेळी हडसन उपसागराकाठच्या मुक्कामात फिल्म तिथेच धुऊन इन्युइट मंडळींना दाखवत असे. त्या चित्रपटात पुष्कळ काही रचलेलं होतं आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण ज्यांचं चित्रण केलं त्यांनी ते आधी पाहावं, ही रीत घेण्यासारखी आहे. मुलांच्या स्वतःच्या चेहऱ्यांचंही तेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ती घ्यावीच. पण मुलाची स्वतःची संमती कायद्याने मागितली नाही तरी शिक्षकाने मागावी. आज हो म्हणणाऱ्या मुलीला उद्या नाही म्हणण्याचा हक्क असावा आणि तिचा शॉट निमूट काढला जावा.

ज्यांच्याकडे आजवर कॅमेरा रोखला गेला त्यांच्या हाती तो आला की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. नागराज मंजुळे यांनी त्या वेळच्या अहमदनगरला संज्ञापनाचं शिक्षण घेताना 'पिस्तुल्या' केला, शाळेची ओढ असलेल्या मुलाची ती गोष्ट. पुढे २०१३ च्या 'फँड्री'त त्याचा नायक जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट पडद्याकडे, आपल्या अंगावर येतो. त्या दगडाचा कोन कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडला नसता. तो ज्याने सोसलं त्यालाच सुचला.

एवढं सगळं करवून घेतानाही पाहण्याचा भाग सुटू नये. मुलं चित्रफिती खूप बघतात, चित्रपट कमी. पुण्याच्या प्रा. सतीश बहादूर यांनी 'पथेर पांचाली'चा एक एक प्रसंग उलगडून दाखवत देशभर रसास्वाद शिकवला. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम'ने गावकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले आणि ते गावकऱ्यांना समजले. तेव्हा मुलांना समजणार नाही ही सबब चालणार नाही. 'पथेर पांचाली'तल्या काशाच्या फुलांचा प्रसंग दाखवावा आणि मग सांगावं, की सत्यजित राय पहिल्या दिवसाचं चित्रण करून आठवड्याने परतले तेव्हा गुरांनी ती फुलं खाऊन टाकली होती आणि उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. मुलं तो प्रसंग पुन्हा लावायला सांगतात. दुसऱ्या वेळी ती अपू-दुर्गाकडे कमी आणि फुलांकडे जास्त बघतात.

मुख्याध्यापकांना आणि पालक मंडळांना माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनात नाच, नाटक आणि भाषणं यांना संध्याकाळ मिळते. तिच्यातला अर्धा तास या एक-एक मिनिटांना द्या. हॉलमध्ये नीट अंधार करा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लावा, ज्यांचं चित्रण झालं आहे त्या माणसांना पहिल्या रांगेत बसवा. विषय देऊ नका आणि क्रमांक काढू नका.